गळणाऱ्या इंजिनावरचा भरवसा

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे मालक तिच्याविषयी दोन गोष्टी एकाच दमात सांगतात, आणि त्या एकमेकींना छेद देतात. ही गाडी ऑइल गाळते, टायमिंग चुकले की उलटी किक मारते, केबली तोडते आणि लांबच्या प्रवासात नटबोल्ट सांडत जाते, ही त्यातली पहिली गोष्ट. दुसरी, की हीच गाडी माणसाला वाटेत सोडून देत नाही. ऐकणारा हसतो आणि प्रेम आंधळे असते म्हणून विषय सोडून देतो. पण इतक्या वेगवेगळ्या प्रांतांतले आणि पेशांतले लोक इतकी वर्षे तीच दोन विधाने जोडीने करत आले असतील, तर त्यांना भाबडे ठरवण्यापूर्वी गाडीचा इतिहास पाहायला हवा. मला ही दोन्ही विधाने खरी वाटतात. बुलेटवरचा भरवसा बुलेटने एकटीने कमावलेला नव्हता. त्यात रस्त्याकडेच्या मेकॅनिकचा आणि पन्नास वर्षे जवळजवळ न बदललेल्या सुट्या भागांचा वाटा फार मोठा होता. तो वाटा वजा केला, तर गाडी खरोखरच बेभरवशाची उरते.

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या एन्फिल्ड कंपनीने मागच्या चाकाला स्विंगआर्म असलेली 350 सीसीची बुलेट 1949 च्या सुमारास विक्रीला काढली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत भारतीय लष्कराने ती मागवली आणि 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात आधी विलायतेतून आलेले भाग जोडले जात. 1960 चे दशक सुरू होईपर्यंत बहुतेक सगळे काही इथेच तयार होऊ लागले. पुढे रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला आणि 1970 च्या सुमारास मूळ ब्रिटिश धंदाच आटोपला. तिरुवोत्तियूरला मात्र 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचे तेच इंजिन, तोच वेगळा चार गिअरचा बॉक्स, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक, असे सगळे चालूच राहिले. 1977 पासून तर ही गाडी उलट ब्रिटनलाच निर्यात होऊ लागली. सहा व्होल्टचे बारा व्होल्ट झाले, इकडेतिकडे थोडे बदल झाले, तरी 1970 च्या गाडीला 1995 चे बरेचसे भाग बसत. कारखानदारीच्या दृष्टीने ही नामुष्कीच म्हणायची. मालकाच्या दृष्टीने मात्र तो एक न लिहिलेला विमा होता. त्यात पोलीस आणि लष्कर दोन्हीकडे बुलेटचे ताफे, त्यामुळे ही गाडी उघडून जोडता येणारा माणूस जिल्ह्याच्या गावी हमखास सापडे.

गाडीची रचनाही या व्यवस्थेला साजेशी होती. इंजिनाच्या डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे मोठे झाकण एकाच मधल्या नटावर बसते. कडेने स्क्रूंची रांग नाही, म्हणून दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि रबरी सील जरा वाकडे बसले की ऑइल पाझरते. मालकांची ही तक्रार अगदी रास्त आहे. पण त्याच एका नटामुळे फुटरेस्ट बाजूला करून झाकण काढले की क्लच आणि चेन समोर उघडी पडते, तीही घाटात, झाडाखाली, मोजक्या पान्यांनिशी. टॅपेटचे तसेच. सिलिंडरच्या बुडाशी छोटे झाकण असते. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, एवढ्या अंदाजावर टॅपेट लावता येतात, फीलर गेज लागत नाही. म्हणजे जी रचना बिघाड घडवते, तीच बिघाड हाताशी आणून ठेवते. उलट उदाहरण राजदूत 350 चे. यामाहाच्या आरडी 350 वर बेतलेली ही दोन सिलिंडरची, सहा गिअरची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये आणली. वेगात बुलेट तिच्या जवळपासही नव्हती. पण भाग महाग, पेट्रोल जास्त, हात बसलेला मेकॅनिक विरळा, आणि दशक संपता संपता गाडी बाजारातून गेली. खुद्द एन्फिल्डने जर्मनीच्या झुंडापच्या परवान्यावर काढलेली फ्युरी 175 ही पुढच्या डिस्क ब्रेकसकट आली होती. तीही टिकली नाही. यंत्र म्हणून या दोन्ही गाड्या सरस होत्या. लांबच्या वाटेवर मात्र त्यांचा मालक एकटा पडे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लायसन्स राजमध्ये माणसाला निवड होतीच कुठे? ब्रिटनमध्ये गळणाऱ्या इंजिनांच्या ट्रायम्फ आणि बीएसए होंडासमोर टिकल्या नाहीत. 1969 मध्ये आलेल्या होंडा सीबी 750 ने इलेक्ट्रिक स्टार्ट आणि कोरडे इंजिन देऊन ग्राहकाची अपेक्षाच बदलली. भारतात ती स्पर्धा आयात बंदीने अडवून धरली होती. आणि 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 येताच ग्राहकाने कौल दिलाच की. 2000 च्या आसपास बुलेटचा खप महिन्याला दोनेक हजारांवर घसरला होता आणि मालक कंपनी आयशर हा धंदा ठेवावा की मोडीत काढावा या विचारात होती. या आक्षेपातले बरेचसे मला मान्य आहे. रोज कामावर जायला सीडी 100 निर्विवाद अधिक भरवशाची होती, कारण तिला मेकॅनिकच फारसा लागत नव्हता. पण बंदिस्त बाजारातही येझदी होती, राजदूत 175 होती. लांब जाणाऱ्यांनी त्यांतून बुलेट निवडली, ती सक्तीने नव्हे. दुसरा आक्षेप असा की ज्या गाड्या वाईट निघाल्या त्या भंगारात गेल्या, आणि स्तुती ऐकू येते ती उरलेल्यांची. हेही खरे. मात्र भंगारात गेलेल्या बुलेटचे सुटे भाग दुसऱ्या बुलेटला बसत होते, म्हणजे मेलेल्या गाड्याही जिवंत गाड्यांच्या भरवशात भर घालत होत्या. राजदूत 350 च्या बाबतीत हे फारच कमी घडले, कारण मुळात तितक्या गाड्याच नव्हत्या.

आरामाविषयीची मते तर याहून चमत्कारिक. बुलेटवर दिवसभर बसले तरी पाठ दुखत नाही, असे एक मालक सांगतो. दुसरा सांगतो की तासाभरात मनगटे बधिर होतात. दोघे बहुधा वेगवेगळ्या वेगाबद्दल बोलत असतात. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हीलचे हे इंजिन पन्नास-साठच्या वेगात निवांत डगडगते. ताठ बैठक, रुंद हँडल, मोठी 19 इंची चाके आणि जमिनीला धरून ठेवणारे वजन या सगळ्यांचा मेळ तिथे जमतो. ऐंशीच्या पुढे मात्र हादरे हँडलमधून आणि फुटरेस्टमधून वर येतात, आरसे धूसर होतात, नंबर प्लेटला चिरा जातात. ड्रम ब्रेकबद्दल तर काही न बोललेलेच बरे. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत आपले बहुतेक राष्ट्रीय महामार्ग दोन पदरी होते; समोरून ट्रक, कडेला बैलगाडी, मध्ये खड्डे. तिथे साठच्या वर जाण्याचा प्रश्नच क्वचित येई. मग सुवर्ण चतुष्कोनाचे रुंद रस्ते झाले आणि त्याच गाडीचा आराम एका दशकात कमी झाला, गाडीत काहीही न बदलता. गंमत अशी की 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदीच आहे. त्यामुळे बुलेटवाला अजूनही बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने जातो, म्हणजे बहुतांशी त्याच वेगाने, ज्यासाठी त्याची गाडी घडली होती. लडाखच्या वाटेवरही तेच. खिंडी चढताना विरळ हवेने मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरते, मिकार्ब कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो, पण वेग कुणालाच नसतो, आणि खालच्या आरपीएमला ओढणारे इंजिन तिथे शोभून दिसते.

2008-09 पासून अॅल्युमिनियमचे, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेले नवे इंजिन आले, हायड्रॉलिक टॅपेटसकट, आणि गळती पुष्कळच थांबली. 2020 नंतरच्या 349 सीसीच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, फ्युएल इंजेक्शन आहे. हादरे जवळजवळ गेले. जुने मालक आवाज गेला म्हणून हळहळतात, त्यात भावनेचा भाग मोठा आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: इंजेक्शन किंवा सेन्सर बिघडला तर रस्त्यात कुणालाच काही करता येत नाही. तक्रार खरी आहे, पण तिच्यातून निघतो तो निष्कर्ष मला पटत नाही. नव्या गाडीत असा बिघाड मुळात कमी होतो, आणि झालाच तर फोन आणि टेम्पो बहुतेक ठिकाणी मिळतो. उलट जुन्या बुलेटचीच पंचाईत वाढली आहे. डोळ्यांनी पॉइंटचा गॅप लावणारे हात आता म्हातारे झाले, त्यांची मुले इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकली, आणि बाजारातले नक्कल केलेले पिस्टन-रिंग किंवा कंडेन्सर किती टिकतील याचा नेम नाही. म्हणून 1985 मध्ये सातारा–बेळगाव करताना जी गाडी भरवशाची होती, तीच, तितक्याच निगुतीने राखलेली, आज त्याच रस्त्यावर कमी भरवशाची आहे. हे ज्यांनी ओळखले, ते मालक आता मेकॅनिकचे काम स्वतःच शिकू लागले आहेत आणि टूलबॉक्समध्ये जादा केबल, कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट घालूनच गाव सोडतात.