मोठें घर आणि एकटा जीव

मनुष्य घर बांधतो तें वंशविस्ताराच्या आशेनें. आणि उतारवयांत त्याच घरांत एकट्यानें दिवा लावण्याची पाळी त्याच्यावर यावी, हा प्रकार कांहीं आजचा नाहीं. मुलें परगांवीं अगर परदेशीं गेलीं, जोडीदार निवर्तला, आणि दहा खोल्यांच्या घरांत एकच माणूस उरलें, म्हणजे तें घर ठेवावें कीं सोडावें हा प्रश्न उभा राहतो. पुण्यामुंबईकडे आज त्याचें उत्तर बहुधा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्यें शोधलें जातें, आणि तें पाहून जुनीं माणसें 'वाडा मोडला' म्हणून हळहळतात. ही हळहळ स्वाभाविक आहे. परंतु वाडा कशाच्या बळावर उभा होता, तो कां मोडला, आणि त्यांत उरलेल्या एकट्या जिवाचा त्यावर हक्क तरी किती होता, याचा इतिहास पाहिला म्हणजे हळहळीबरोबर थोडा विचारहि करावा लागतो.

पुण्यांतील वाड्यांचा थाट हा मुख्यतः पेशवाईंतला. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांत झाली. सरदार, सावकार, कारभारी यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें तोच नमुना पुढें गिरविला. घडीव दगडाचें जोतें, सागवानी खांब आणि तुळया, विटामातीच्या भिंती, वर कौलें. दिंडीदरवाजांतून आंत गेल्यावर देवडी, मग चौक, चौकाभोंवतीं सोपा, पुढें माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची काळोखी खोली, माडीवर दिवाणखाना आणि मागें परसू. असें घर म्हणजे नुसता निवारा नव्हे, तर अनेक हातांवर चालणारा एक कारखानाच होता. हौदावरून पाणी भरावयाचें, जमिनी शेणानें सारवावयाच्या, दळणकांडण करावयाचें, तिन्हीसांजा दिवे पुसून लावावयाचे, पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळून घ्यावयाचीं. पंचवीस माणसें नांदत असतां हीं कामें अंगावर पडत नसत. माणसें उरलीं एक, आणि कामें मात्र राहिलीं पूर्वींइतकींच, म्हणजे तेंच वैभव ओझें होतें.

मोठें घर सोडून लहान घरीं जाणें हें पूर्वींच्या समाजाला अपरिचित नव्हतें. शास्त्रकारांनीं वानप्रस्थाश्रम सांगितलेला होताच. व्यवहारांत त्यानें काशीवासाचें अगर गोदातीरींच्या वास्तव्याचें रूप घेतलें. याचें मोठें उदाहरण म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर त्यांचा थोरला पुत्र विश्वासराव पडला, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें पतीचें निधन झालें. पुढें माधवराव पेशव्यांशीं मतभेद होऊन त्यांनीं पुण्याचा राजवाडा सोडला आणि नाशिकजवळ गंगापूर येथें गोदावरीच्या कांठीं वास्तव्य केलें. १७७२ मध्यें माधवराव गेले. १७७३ च्या ऑगस्टमध्यें नारायणरावांचा शनिवारवाड्यांतच वध झाला. तिन्ही पुत्र गमावलेली ही माता १७८८ पर्यंत जगली. परंतु घर सोडल्यानें त्यांचा अधिकार संपला नाहीं. नातू सवाई माधवराव यांनीं दिनचर्या कशी ठेवावी, वडीलधाऱ्यांशीं कसें वागावें, याविषयीं त्यांनीं लिहून पाठविलेली शिकवण प्रसिद्ध आहे. वाडा सुटला तरी शब्दाचें वजन राहूं शकतें, हें या उदाहरणावरून दिसतें.

मात्र गोपिकाबाई पेशव्यांच्या घरच्या होत्या. सामान्य घरांतील विधवेस अशी निवड करण्याची मोकळीक नव्हती. एकत्र कुटुंबांतील स्त्रीचा पति वारला म्हणजे तिला अन्नवस्त्र आणि राहावयास जागा मिळावी, एवढाच तिचा अधिकार. जन्मभर जो वाडा तिनें सारवला, त्यांतील एक खोली ती विकूं शकत नसे. १९३७ च्या कायद्यानें विधवेला पतीचा हिस्सा मिळाला आणि वांटणी मागण्याचाहि हक्क आला. पण हा हिस्सा तिच्या हयातीपुरताच होता, आणि कायद्यास मान्य अशा निकडीवांचून तिला तो विकतां येत नसे. म्हणजे घर मोठें आहे, आपण एकट्या आहों, तें विकून आटोपशीर जागा घ्यावी, असा विचार तिच्या मनांत आला तरी तो अमलांत आणण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता.

मग एकट्या माणसानें वाडा राखला कसा? बिऱ्हाडें ठेवून. इंग्रजी अमदानींत शाळा, कॉलेजें, कचेऱ्या यांच्यामुळें पुण्यास नोकरदार आणि विद्यार्थी यांची रीघ लागली. सोप्याला पडदी घालून एक बिऱ्हाड, माडीवर दुसरें, परसांतल्या खोलींत विद्यार्थी, अशी वाड्याची विभागणी झाली. मालकीणबाई मागच्या दोन खोल्यांत सरकल्या. वस्तुतः वाड्यांतून लहान घरांत जाण्याची क्रिया येथेंच सुरू झाली; फक्त तिला उंबरठा ओलांडावा लागला नाहीं. भाड्यानें चूल पेटे, आणि दुखण्याखुपण्यास हांक मारली तर कोणी 'ओ' देणारें असे. ही सोबत भाड्याइतकीच मोलाची होती.

महायुद्धाच्या काळांत शहरांत जागांची टंचाई झाली आणि भाडेकरूंच्या संरक्षणासाठीं १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें असेल तें प्रमाण मानावें, असें त्यानें सामान्यतः ठरविलें. हेतु योग्यच होता. हजारों गरीब कुटुंबें त्यामुळें बेघर होण्यापासून वांचलीं. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें मात्र जागच्या जागीं राहिलें. एका खोलीच्या वर्षाच्या भाड्यांत कौलें चाळण्याची मजुरीहि सुटेना. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू ती आपली मानीना. वासे कुजले, भिंती फुगल्या. १९९९ च्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार टक्के वाढीस मोकळीक दिली, तोंवर पुष्कळ वाड्यांचें आयुष्य संपलें होतें. त्यापूर्वींच, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचा बांधहि टिकला नाहीं, आणि नदीकांठच्या पेठांत शिरलेल्या पाण्यानें मातींत बांधलेलीं शेंकडों घरें बसलीं. जें पन्नास वर्षांत हळूहळू घडलें असतें, तें कित्येक कुटुंबांच्या बाबतींत एका दिवसांत घडलें.

नवें घर मात्र आधींच मुंबईंत आकार घेत होतें. १८९६ च्या प्लेगनें दाट वस्तीचा धोका दाखविला, आणि १८९८ मध्यें शहरसुधारणेसाठीं ट्रस्ट स्थापन झाला. १९१२ च्या सहकारी कायद्यानें पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाहि वाट मोकळी करून दिली, आणि १९१५ मध्यें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी यांचें नांव या कार्याशीं निगडित आहे. एकट्यास न परवडणारी जागा, जिना, पाणी आणि पहारा अनेकांनीं मिळून घ्यावा, ही तिच्यामागील कल्पना. पुढें १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा यांनीं या पद्धतीस पक्कें बूड दिलें. गृहस्थाला इमारतींतील एका मजल्यावरच्या चार भिंतींचाच मालक होतां येऊं लागलें. डोक्यावरचें छप्पर सर्वांचें मिळून झालें.

स्त्रियांच्या दृष्टीनें याहून मोठें स्थित्यंतर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें घडविलें. स्त्रीच्या ताब्यांतील मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली. तरीहि त्यांत एक अडसर राहिलाच होता. कुटुंबाच्या राहत्या घरांत पुरुष वारस असतील, तर त्यांनीं वांटणी करण्याचें मनावर घेईपर्यंत स्त्री वारसास ती मागतां येत नसे. हें कलम २००५ च्या दुरुस्तीनें रद्द झालें. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. जो वाडा मोडल्याबद्दल आपण दुःख करतों, त्यांतून आपल्या वांट्याचें घर घेऊन बाहेर पडण्याचा पूर्ण हक्क कित्येक गृहिणींना अलीकडेच मिळालेला आहे.

घर लहान झालें म्हणजे सामानाचा प्रश्न येतो. पाणी तापविण्याचा बंब, हंडे, घंगाळें, समया, पाटांची चवड, माळ्यावरचे पेटारे, यांना फ्लॅटमध्यें जागा कोठली? पुष्कळसें तांबेंपितळ मोडींत वजनावर गेलें, नक्षीचे दरवाजे लांकडाच्या भावानें विकले गेले. त्यांतलें कांहीं वांचलें तें जाणत्या माणसांमुळें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडीं, कोरीव दारें गोळा केलीं आणि दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ पुण्यास 'राजा केळकर संग्रहालय' उभें केलें. राजेरजवाड्यांच्या तलवारी कोणीहि जपतो. घरांतल्या वापराच्या वस्तूंतहि इतिहास असतो, हें त्यांनीं ओळखलें.

तात्पर्य, मोठें घर सोडणें हा पराभव नव्हे, आणि तें हट्टानें धरून बसणें हें नेहमींच शौर्य नव्हे. ज्या घराला वीस हात लागतात तें दोन थकल्या हातांनीं चालत नाहीं. पहिल्या मजल्यावरची, दवाखाना आणि बाजार जवळ असलेली, शेजारचें दार हांकेच्या अंतरावर असलेली जागा म्हाताऱ्या माणसाला अधिक सुखाची होऊं शकते. मात्र दोन गोष्टींची सावधगिरी अवश्य आहे. पहिली ही, कीं निर्णय ज्याचा त्यानें, हिंडतांफिरतां असतां, स्वखुषीनें घ्यावा. दुसरी ही, कीं जुनें घर देतांना नव्या घराचा कागद स्वतःच्याच नांवानें करावा. मायेच्या भरांत सर्वस्व लिहून देऊन मग एका कोपऱ्यासाठीं मिनतवारी करण्याचे प्रसंग इतके वाढले, कीं २००७ मध्यें ज्येष्ठ नागरिकांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूद त्यांत आहे. पण अट कागदावर लिहिलेली असावी, हें बरें.

वाड्याचा चौक आतां सर्वांना मिळणार नाहीं. त्या चौकांत जें खरें मोलाचें होतें, तें म्हणजे सकाळीं एकाचें दार उघडलें नाहीं तर दुसऱ्यानें येऊन कडी वाजवावी, ही रीत. ती रीत जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांत रुजविणें मात्र सर्वस्वीं माणसांच्या हातीं आहे.