पीतबिंदू ऱ्हास, वार्धक्यजन्य

दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्यावरच चालतात. साधारण पन्नाशीनंतर तो झिजू लागला की नजरेच्या मधोमध धूसर डाग येतो, कडेची दृष्टी मात्र शाबूत राहते. धाराशिवसारख्या ग्रामीण जिल्ह्यात या विकारात खरा शत्रू म्हणजे मोतीबिंदूशी असलेले नावातले साम्य. 1976 पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे मोतीबिंदू घरोघरी माहीत झाला (हे यश मोठेच), पण त्यामुळे म्हातारपणीची प्रत्येक अंधुक नजर ‘मोतीबिंदू पिकल्यावर बघू’ म्हणून थांबवली जाते. पीतबिंदूला थांबणे परवडत नाही.

या विकाराच्या कोरड्या प्रकारात गेलेली दृष्टी परत येत नाही, मग जिल्ह्यातल्या उमरगा-परंड्याहून तपासणीला कशाला जायचे, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण कोरड्याचा ओला प्रकार होऊ शकतो. त्यात नाजूक रक्तवाहिन्या फुटून काही आठवड्यांत मधली नजर जाते, आणि डोळ्यात वेळेवर दिलेली इंजेक्शने बहुतेकदा ती घसरण रोखतात. जस्त-ल्युटिनच्या गोळ्या मुख्यतः मध्यम अवस्थेत उपयोगी. सरसकट घेणे व्यर्थ. विडी-सिगारेट सोडणे मात्र प्रत्येक अवस्थेत हिताचे. उरलेल्या नजरेसाठी भिंग, ठळक अक्षरे व भरपूर उजेड कामी येतो. एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. ती वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा.