खहर राशि आणि सीमेची कल्पना

कारंजा (लाड) येथील बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारें संशोधकांस अपरिचित नाहींत. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचीनें त्यांची कीर्ति दूरवर नेली. तथापि तेथें जाणाराची दृष्टि बहुधा पुराणें, चरित्रें व अपभ्रंश काव्यें यांवरच खिळते. त्याच भांडारांत महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहाच्याहि प्रती आढळल्या. त्यांतील एका नियमापासून आम्ही प्रारंभ करतों.

महावीराचार्य हे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचे, म्हणजे इसवी सनाच्या ९ व्या शतकांतले. शून्यानें भागिलेला राशि अविकृत राहतो, असें त्यांचें मत. तत्पूर्वीं ६२८ सालीं ब्रह्मगुप्तानें असा राशि शून्यच्छेद म्हणून तसाच ठेविला होता. पुढें ११५० सालीं भास्कराचार्यांनीं लीलावतींत त्यास ‘खहर’ म्हटलें, आणि बीजगणितांत त्याचें अनंतत्व सांगितलें. महावीराचार्यांचा नियम आज चुकीचा ठरतो. पण तो केवळ प्रमाद म्हणून सोडून देणें बरें नव्हे. भागावयास कांहींच नसेल तर भागाकार घडलाच नाहीं, असा त्याचा आशय असावा असें आम्हांस वाटतें.

लीलावतींतील एक उदाहरण याहून सूचक आहे. एका राशीस शून्यानें गुणून त्यांत त्याचेंच अर्ध मिळविलें, तिनानें गुणिलें व शून्यानें भागिलें, तर ६३ येतात. तो राशि कोणता? उत्तर १४. येथें गुणाकारांतील शून्यामुळें राशि लागलीच नष्ट झाला असें न मानतां पुढच्या भागाकाराची वाट पाहिली आहे. शून्याच्या जागीं कोणतीहि अत्यल्प संख्या घेतली तरी गुणक व भाजक परस्परांस छेदतात व १४ हेंच उत्तर टिकतें. आधुनिक गणितांत ज्यास फलनाची सीमा म्हणतात, तिचें बीज येथें दिसतें. मात्र मुळांत त्याची उपपत्ति नाहीं.

ती उपपत्ति टीकेंत सांपडते, आणि टीकाकार विदर्भांतील घराण्यांतला आहे. पयोष्णीतीरच्या दधिग्रामाहून ज्यांचें कुल काशीस गेलें, त्या बल्लाळाचा पुत्र कृष्णदैवज्ञ यानें इ. स. १६०० च्या सुमारास भास्करीय बीजगणितावर बीजपल्लव ही टीका लिहिली. त्याचा आशय असा: भाजक जसजसा कमी होतो तसतशी लब्धि वाढते. भाजक परम लहान केला तर लब्धि परम मोठी झाली पाहिजे. परंतु ‘लब्धि एवढीच’ असें म्हणतां आलें तर ती परम नव्हे, कारण तीहून मोठी दाखवितां येते. म्हणून तिला इयत्ताच नाहीं. ५ यांस १, एकदशांश, एकशतांश यांनीं भागून पाहावें. ५, ५०, ५०० असे अंक येतात व कोणतीहि मर्यादा ओलांडली जाते. कोलब्रुकनें १८१७ सालच्या आपल्या भाषांतराच्या टीपांत हा विचार इंग्रजींत आणला.

यावरून कलनशास्त्र वऱ्हाडांत जन्मलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. सीमेची काटेकोर व्याख्या १९ व्या शतकांत कोशी व वायरश्ट्रास यांच्या हातून घडली. शिवाय ऋण भाजक शून्याकडे नेला तर लब्धि ऋण दिशेनें अमर्याद जाते. दोन बाजूंचा मेळ बसत नाहीं. म्हणूनच आज शून्यानें भागाकार अव्याख्यात मानतात. कृष्णानें ही दुसरी बाजू येथें विचारांत घेतलेली नाहीं. तथापि ‘कोणतीहि मर्यादा सांगा, तीहून मोठी दाखवितों’ हा युक्तिवाद आजच्या व्याख्येचाच एक पाय होय.

तात्पर्य, मुळांत नियम मिळतो, पण त्यामागचा विचार टीकेंत मिळतो. मूळ ग्रंथ छापला गेला म्हणजे त्यावरील टीकेच्या पोथ्या अडगळींत पडतात, सुटीं पानें रद्दींत जातात. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील गणितविषयक टीका, विशेषतः उपपत्तीचीं व उदाहरणांचीं पानें, वेगळीं काढून नोंदवावीं, एवढीच आमची विनंति आहे.