दुर्गरक्षक आणि भूमि : ग्रीक राज्यविचार व राजगड-तोरण्याचा मुलूख

उत्तम राज्य कोणतें, याची चर्चा करितांना प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथांत राज्यरक्षकांस खासगी भूमि व द्रव्य वर्ज्य सांगितलें आहे. जमीन मिळाली कीं रक्षक हा धनी होतो, व ज्यांचें रक्षण करावयाचें त्यांचाच वैरी बनतो, असें त्याचें मत. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल यास सामायिक मालमत्तेची कल्पना पटली नाहीं; परंतु जें राज्य सर्वांच्या हितार्थ चालतें तेंच शुद्ध, ही त्याची कसोटी आहे. एकच उंच दुर्ग राजसत्तेस व अनेक बळकट स्थानें श्रेष्ठजनसत्तेस सोयीचीं, असेंही तो म्हणतो.

भोर व वेल्हें येथील डोंगरी मुलखांत राजगड, तोरणा, रोहिडा अशीं अनेक स्थानें असून राजा मात्र एक होता. तेव्हां प्रत्येक किल्लेदार स्वतंत्र धनी होऊं नये, हाच मुख्य प्रश्न. सभासदाच्या बखरीवरून दिसतें कीं, शिवछत्रपतींनीं गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे नेमून त्यांनीं एकविचारें कारभार करावा असें ठरविलें, व चाकरीबद्दल गांव न देतां वेतन दिलें. ग्रीक ग्रंथ येथें कोणी वाचले होते असें आमचें म्हणणें नाहीं. समान अडचणींतून समान विचार निघाला, इतकेंच.

इ. स. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीस गेले, खजिना रिता झाला आणि औरंगजेबही वतनांचें आमिष दाखवूं लागला. तेव्हां सरदारांस जमीन देणें प्राप्त झालें. मावळांतील किल्ले राखण्यांत शंकराजी नारायण सचिव यांनीं मोठा पराक्रम केला. त्यांच्याच वंशाचें भोर संस्थान इ. स. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलें.

या काळचे दुसरे कारभारी रामचंद्रपंत अमात्य. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या, त्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत वतनदार हे लहान राजेच होत, त्यांस मोकळे सोडूं नये व अकारण दुखवूंही नये, असा इशारा आहे. पण खुद्द अमात्यांच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर राहिली. म्हणजे नियम अज्ञात नव्हता. तो जाणूनबुजून मोडावा लागला.

जमीन दिली म्हणून स्वराज्य तगलें आणि जमीन दिली म्हणूनच त्याचें मध्यवर्ती बंधन सैल झालें, अशीं दोन्ही विधानें आम्हांस खरीं वाटतात. यास्तव त्या पुरुषांस दोष देण्यापूर्वीं अभ्यासकांनीं त्या वेळच्या खजिन्याची स्थिति अवश्य ध्यानांत घ्यावी.