पदर, खुपऱ्या आणि तांब्याभर पाणी

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते जमा करत होते. समोरच्या एका सुनेनं मांडीवरच्या लेकराचे चिपडानं चिकटलेले डोळे पदरानं पुसले, आणि त्याच पदरानं जावेच्या मुलीचंही तोंड पुसलं. मी काही बोलले नाही. माझ्या आईनंही माझे डोळे असेच पुसलेत. पण त्या पदरावरून मला आजी आठवली.

आजीच्या चंचीत तंबाखूबरोबर एक चिमटा असायचा. दुपारी उंबऱ्यापाशी उजेडात बसून ती म्हणायची, "बघ गं बाई, कुठं टोचतंय." तिच्या पापणीचे केस आत वळलेले होते, डोळा मिटला की बुबुळावर घासायचे. मी एकेक केस उपटायची. महिनाभरात पुन्हा तेच. लहानपणी तिला खुपऱ्या झाल्या होत्या.

डॉक्टर याला ट्रॅकोमा म्हणतात. पापणीच्या आतून बारीक दाणे येतात. पुन्हा पुन्हा लागण झाली की आत व्रण पडतात, पापणी आकसते, केस आत वळतात आणि घासून घासून बुबुळ पांढरं होतं. लागण लहानपणी होते, दृष्टी जाते ती मोठेपणी.

आजार फार जुना. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणात त्यावरचे उपाय आहेत. 1798 साली नेपोलियनची फौज इजिप्तला गेली आणि तिथली डोळ्यांची साथ सैनिकांबरोबर युरोपात पोचली. पुढे अमेरिकेत उतरणाऱ्या लोकांची बंदरावर तपासणी व्हायची. बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं पापणी उलटी करून बघत, आणि खुपऱ्या दिसल्या की माणूस परत. औषध काय, तर पापणीच्या आतून मोरचुदाचा खडा घासायचा! आजीलाही कुणीतरी काहीतरी घासलं होतं. काय ते तिला सांगता येत नसे, पण आठवलं तरी ती तोंड वळवायची. हा आजार करणारा जंतू चीनमधल्या तांग फेइफान या शास्त्रज्ञानं 1957 च्या सुमारास वेगळा काढला आणि खात्रीसाठी स्वतःच्याच डोळ्यात घालून घेतला.

आपल्या देशात 1956 मध्ये प्रायोगिक काम सुरू झालं आणि 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात इकडे जोर जास्त होता. मुलांच्या डोळ्यांत मलम घालत. 1976 मध्ये हे काम अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गेलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. जगभर असं दिसलं, की खुपऱ्यांनी पापणी वळण्याचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. कारण लेकरं आपल्या मांडीवर असतात. जंतू पसरतो बोटांनी, फडक्यानं, आणि चिपडावर बसणाऱ्या माशीनं. म्हणून 1990 नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रिया आणि औषध यांच्याच बरोबरीनं तोंड धुणं आणि परिसराची स्वच्छता यांना जागा दिली.

पण तोंड धुवा म्हणणं सोपं. पाणी कोण आणतं? आफ्रिकेतल्या टांझानियात कोंग्वा नावाचा कोरडा भाग आहे. तिथल्या आया म्हणाल्या, पाणी लांबून आणतो, तोंडं धुण्यात कसं घालवू? तेव्हा कार्यकर्त्यांनी भाषण दिलं नाही. एक लिटर पाण्यात किती तोंडं धुऊन होतात ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. मला हे फार आवडलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या एका वस्तीवर मी बाटली घेऊन तसंच केलं. अकरा मुलांची तोंडं धुतली, तरी तळाला पाणी उरलं. आधी मात्र स्वतःचे हात साबणानं धुवायचे, आणि पुसायला प्रत्येकाचं वेगळं फडकं. जुन्या धोतराचे तुकडे चालतात, उन्हात वाळवलेले.

काजळाचंही तसंच. एका डबीतलं काजळ एकाच बोटानं घरातल्या चार लेकरांना लावलं, की एकाचं दुखणं चौघांना. तान्ह्याच्या डोळ्यात तर घालूच नये. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर गालावर लावा, आजेसासूही रागावणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमा भारतातून संपला. आजी तोवर राहिली नाही. पण 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले, तेव्हा ते दुखणंही याच बोटांनी आणि टॉवेलांनी घरोघर फिरलं.

एक राहिलंच. वळलेली पापणी सरळ करायची छोटी शस्त्रक्रिया असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं केस उपटत बसले. तुमच्या घरातली म्हातारी डोळ्यात सारखं टोचतंय म्हणत असेल, तर तिला उजेडात बसवून पापणीचे केस बघा. आत वळलेले दिसले, तर चिमटा बाजूला ठेवून तिला सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.