मागून आलेले शहाणपण

जपानी चित्रपट म्हटला की आपली गाडी अजूनही कुरोसावाच्या पुढे फारशी सरकत नाही. म्हणून आज एका साध्या, शांत चित्रपटाबद्दल लिहितो. केइगो हिगाशिनो या लेखकाची कादंबरी २०१२ साली आली आणि तिच्यावर र्‍यूइची हिरोकी यांनी २०१७ साली चित्रपट काढला. नाव 'नामिया झाक्कातेन नो किसेकी', म्हणजे 'नामियांच्या दुकानातला चमत्कार'. झाक्कातेन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असते तसे, वह्या-पेन्सिलींपासून किरकोळ घरगुती वस्तूंपर्यंत सगळे मिळणारे छोटे दुकान.

जपानीत 'नायामी' म्हणजे चिंता, काळजी. गल्लीतली पोरे 'नामिया' हे नाव मुद्दाम उलटेपालटे वाचून म्हाताऱ्या दुकानदाराची थट्टा करतात, आणि तोही गमतीने त्यांच्या चिंतांना उत्तरे देऊ लागतो. अभ्यास न करता शंभर गुण कसे मिळतील, असे एक पोर विचारते. म्हातारा सांगतो, तुझ्याबद्दलचीच परीक्षा घ्यायला गुरुजींना सांग, मग तू लिहिशील ते बरोबरच! हळूहळू मोठी माणसेही खरी दुःखे लिहून रात्री दाराच्या फटीतून चिठ्ठ्या टाकतात. उत्तर मागच्या बाजूच्या दुधाच्या पेटीत मिळते. जपानला हा प्रकार नवा नव्हता. 'योमिउरी शिंबुन' या वृत्तपत्राने असे सल्ल्याचे सदर १९१४ सालीच सुरू केले होते, आणि युद्धकाळातला खंड सोडला तर ते आजही चालू आहे.

आता चमत्कार. २०१२ सालच्या एका रात्री तीन भुरटे चोर त्या ओसाड दुकानात लपतात आणि फटीतून १९८० सालची पत्रे आत पडू लागतात. रात्रही उगीच निवडलेली नाही. जपानी बौद्ध प्रथेत तेहतिसावे श्राद्ध बहुधा शेवटचे असते. मृत्यूचे वर्ष धरून मोजत असल्याने ते बत्तीस वर्षांनी येते, आणि त्यानंतर गेलेला माणूस पितरांत मिसळला असे मानतात. म्हाताऱ्याची मुलाला शेवटची विनंती अशी, की त्या दिवशी एका रात्रीपुरती ही पत्रपेटी पुन्हा उघड, आणि ज्यांनी माझा सल्ला घेतला त्यांचे पुढे काय झाले ते विचार. आपल्या शब्दाने कोणाचे वाटोळे तर झाले नाही ना, ही धास्ती त्याला मरेपर्यंत सोडत नाही.

इथून गोष्ट इतिहासाची होते. एक तरुण मुलगी लिहिते, की ज्यांनी मला वाढवले त्यांचे ऋण फेडायचे आहे, त्यासाठी बारमध्ये नोकरी करू का? ते पोरगे तिला थोडक्यात असे कळवतात : अर्थव्यवहार शीक, जमीन घे, आणि नव्वद साल उजाडण्याआधी सगळे विकून मोकळी हो.

हा सल्ला अचूक का ठरला? २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचा करार झाला आणि येन झपाट्याने महाग झाला. निर्यातदार अडचणीत आले. त्यांना सावरायला बँक ऑफ जपानने आपला व्याजदर ५ टक्क्यांवरून फेब्रुवारी १९८७ पर्यंत २.५ टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरांत ओतला गेला. टोकियोतल्या राजवाड्याच्या जागेची किंमत साऱ्या कॅलिफोर्नियाहून जास्त, असे लोक कौतुकाने सांगू लागले. २९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला. पुढे व्याजदर ६ टक्क्यांपर्यंत चढले, जमिनीसाठीच्या कर्जांवर बंधने आली आणि फुगा फुटला. ऑगस्ट १९९२ मध्ये निर्देशांक १५,००० च्याही खाली होता. तो जुना उच्चांक ओलांडायला थेट फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले!

वर्गात इतिहास शिकवताना मुले हमखास विचारायची, "गुरुजी, इतकी उघड गोष्ट त्या लोकांना कशी कळली नाही?" या चित्रपटात त्याचे चांगले उत्तर आहे. ती तीन पोरे काही अर्थशास्त्री नव्हेत. त्यांना कळते कारण ती बत्तीस वर्षे पुढे उभी आहेत. १९८८ साली कर्ज काढून घर घेणारा टोकियोचा कारकून मूर्ख नव्हता. सरकार, बँका, वर्तमानपत्रे सगळी एकच सांगत होती. इतिहास वाचणाऱ्याचे शहाणपण हे असे मागून आलेले, म्हणून फुकटचे असते. त्याचा ताठा बाळगू नये.

आणि गंमत पाहा, ज्यांना आदल्या पिढीचे सगळे भविष्य ठाऊक आहे त्यांना स्वतःचे उद्याचे ठाऊक नाही. अनाथाश्रमात वाढलेली, हाताला धड काम नसलेली ही पोरे फुगा फुटल्यानंतरच्या जपानची आहेत. त्यांच्यातला एक जण शेवटी पेटीत नुसता कोरा कागद टाकतो, आणि म्हाताऱ्याकडून त्याचेही उत्तर येते. कोऱ्या कागदालाही तो थट्टा समजत नाही. ज्याच्यापुढे कुठलीच वाट आखलेली नाही अशा माणसाचे ते पत्र आहे, असे धरून तो मन लावून लिहितो.

म्हाताऱ्याला प्लाझा करार ठाऊक नव्हता, निक्केईचा आकडाही नव्हता. तरी माझ्या मते त्याचाच सल्ला मोलाचा. मुलीला मिळालेला सल्ला एका काळापुरता खरा होता, दहा वर्षे उशिरा मिळता तर तिला बुडवता. म्हाताऱ्याची पद्धत मात्र कोणत्याही सालात चालली असती. त्याचे म्हणणे, की विचारणाऱ्याचे बहुतेक ठरलेलेच असते, त्याला फक्त ते कोणीतरी ऐकायला हवे असते. तोशियुकी निशिदा यांनी हा म्हातारा इतक्या हळुवारपणे उभा केला आहे की तो अभिनय वाटतच नाही. २०२४ साली ते गेले.

आमच्या वयाच्या माणसांना तरुण नातवंडे हल्ली फारसे काही विचारत नाहीत, ही तक्रार मी समवयस्कांकडून नेहमी ऐकतो. मला वाटते, आपण त्यांना आपल्या काळाचे भाव सांगत बसतो. कुठली नोकरी पक्की, कुठे प्लॉट घ्यावा, हेच. पण त्यांच्या हाती जो कागद आहे तो आपल्यालाही कोराच दिसतो. तो नीट हातात घेऊन वाचणे आणि उत्तराची घाई न करणे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. कादंबरीत, अभ्यास न करता शंभर गुण मागणारे ते पोर पुढे शिक्षक होते आणि तसलीच परीक्षा आपल्या वर्गात घेते. थट्टेच्या चिठ्ठीला मनापासून दिलेले उत्तर कुठवर पोचेल, हे देणाऱ्याला कळतच नाही.