ढलपी आणि शिडी

परवा एका सहकाऱ्याची मेल आली. एकच ओळ: "प्रोग्राम चालत नाहीये, काय करू?" कुठला प्रोग्राम, कुठल्या मशीनवर, कालपर्यंत चालत होता का, काही म्हणजे काही नाही. आधी चिडलो, मग आठवलं की गेल्याच महिन्यात मीही हेच केलं होतं. पुस्तकांसाठी फळी किती जाडीची घेऊ, म्हणून आमच्या सुतारकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, लांबी किती? पुस्तकं किती? भिंत विटेची का पार्टिशनची?" मला एकाचंही उत्तर देता येईना.

त्यावरून एक जुनी केस आठवली.

१ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होपवेलजवळून चार्ल्स लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचा वीस महिन्यांचा मुलगा पळवला गेला. चोर वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला होता. मागे राहिली एक तीन तुकड्यांची, घरी ठोकलेली लाकडी शिडी. मे महिन्यात बाळाचा मृतदेह सापडला.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. तिथे आर्थर कोहलर नावाचा लाकूडतज्ज्ञ होता, सुताराचाच मुलगा. पोलिसांनी त्याला शिडीच्या ढलप्या पाठवल्या आणि लाकूड कुठलं ते विचारलं. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलं: पाइनचे दोन प्रकार, डग्लस फर आणि थोडं बर्च. उत्तर अचूक, पण उपयोग शून्य. असलं लाकूड कुठल्याही वखारीत मिळायचं. ढलपीवर याहून जास्त लिहिलेलंच नव्हतं हो!

१९३३ च्या सुरुवातीला त्याला शिडीच दाखवली गेली, अख्खी. त्याने ती खोलली आणि एकेका भागाला नंबर दिले: अकरा पायऱ्या, सहा उभ्या पट्ट्या. आता लाकूड बोलायला लागलं. दोन पट्ट्यांवर रंधा मशीनच्या बारीक लाटा होत्या. मशीनच्या फिरत्या दंडगोलावर अनेक पाती असतात आणि त्यातलं एखादं किंचित वर-खाली बसलेलं असतं. त्याची खूण दर फेऱ्याला एकदा उमटते. दोन खुणांच्या मधल्या लाटा मोजल्या की पाती किती ते कळतं, आणि अंतरावरून फळी किती वेगाने सरकत होती तेही. हिशोब निघाला: सपाट बाजूला आठ पाती, कडांना सहा.

मग कोहलरने स्वतः प्रश्न विचारला, आणि तो कसा विचारला ते बघण्यासारखं आहे. लाकूड गिरण्यांना त्याने पत्रं धाडली, तब्बल १५९८. "हे लाकूड तुमचं का?" असं नाही विचारलं. इतक्या पात्यांचं असं मशीन तुमच्याकडे आहे का, असं विचारलं. समोरच्याला मशीनपाशी जाऊन हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न! पंचवीस जणांकडून 'हो' आलं. त्यांचे नमुने तपासता तपासता तो साउथ कॅरोलिनातल्या मॅकॉर्मिकच्या डॉर्न गिरणीपर्यंत पोचला. तिथून कुठे कुठे माल गेला त्या वखारी पालथ्या घालत नोव्हेंबर १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका वखारीत तो थांबला.

थांबला, कारण रोखीने माल नेणाऱ्यांची तिथे नोंदच नव्हती. दीड वर्षाची मेहनत, आणि शेवटची एक चिठ्ठी नाही.

सप्टेंबर १९३४ मध्ये खंडणीतल्या एका नोटेवरून ब्रूनो हाउप्टमान हा सुतार पकडला गेला. तो ब्राँक्समध्येच राहायचा आणि त्याच वखारीत त्याने लाकूडही घेतलं होतं, कामही केलं होतं. त्याच्या माळ्यावरच्या जमिनीतली एका फळीचा तुकडा गायब होता. शिडीच्या सोळा नंबरच्या पट्टीत खिळ्यांची चार चौकोनी भोकं होती, ती माळ्याच्या वाशांवरच्या भोकांशी जुळली. गंमत म्हणजे त्या भोकांभोवती गंज नाही, म्हणजे हे लाकूड आधी छपराखाली वापरलेलं आहे, हे कोहलरने शिडी पाहिली तेव्हाच ओळखलं होतं.

फळीचा पुरावा पोलिसांनीच तयार केला, असा आरोप तेव्हापासून आजपर्यंत होत आलाय. हाउप्टमान शेवटपर्यंत आपण निर्दोष आहोत म्हणत राहिला. ३ एप्रिल १९३६ ला त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. मला विचाराल तर माळ्यापेक्षा वखारीपर्यंतचा माग जास्त पटतो. तो अटकेच्या दहा महिने आधी लागला होता, तेव्हा संशयित म्हणून हाउप्टमानचं नावही नव्हतं.

असो. सहकाऱ्याला कळवलंय की स्क्रीनवर जे जे दिसतंय ते सगळं पाठव, नको वाटलं तरी पाठव. आणि मी आता टेप शोधतोय. सुतारकाकांना उद्या परत फोन करायचाय.